आठ वर्षांचा पुढचा टायर अजून चालेल का? थंडरबर्डवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचा आक्षेप इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडतो. रॉयल एनफील्डच्या थंडरबर्ड मोटारसायकलवरच्या माझ्या लेखाचं शीर्षक ‘जुन्या थंडरबर्डसाठी टिकाऊ टायर’, आणि आत सल्ला मात्र असा: पुढचा टायर मऊ रबराचा घ्या, पाच-सहा वर्षांनी नक्षी शिल्लक असली तरी बदला, दर वेळी ट्यूब नवी टाका. हा टायरवाल्यांचा गल्ला भरण्याचा प्रकार आहे, असं तुम्ही म्हणता. तुमच्या २०१३ च्या थंडरबर्ड ३५० चा पुढचा टायर आठ वर्षं चालू आहे, खाचा शाबूत, भेग एकही नाही. पुढे-मागे वेगवेगळे टायर घालायला सांगणं चूक, कारण कंपन्या जोडीच घ्या म्हणतात. मागे १२० मिलिमीटर रुंदीच्या टायरऐवजी १३० चा टाकला की रबर जास्त, म्हणून टिकतोही जास्त, हे लेखात हवं होतं. आणि सामान लादून जाणाऱ्यांनाही हवेचा एकच आकडा सांगितला, ही चूक.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. गाडीच्या पुस्तिकेत एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी हवेचे वेगळे आकडे असतात. लेखात फक्त एकट्याचा गेला. मागे माणूस किंवा भरलेल्या सॅडलबॅगा असतील तर डबलसीटचाच आकडा धरायचा, आणि तोही थंड टायरवर, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. पंपापर्यंत चालवत नेऊन हवा पाहिली की आतली हवा तापलेली असते, मापक जास्त दाखवतो, आणि आपण हवा सोडून देतो. त्यापेक्षा स्वतःचा छोटा मापक घरी ठेवा. ३० पीएसआय हवेत तिथे २४ असले तरी टायर बाहेरून ठीकच दिसतो. पण प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजू जास्त दुमडते, टायर आतून तापतो, ट्यूब घासली जाते आणि नक्षी दोन्ही कडांना आधी जाते. उलट टायर टिकावा म्हणून मुद्दाम चार-पाच पीएसआय जास्त भरणारेही पुष्कळ आहेत. त्यांचा टायर मधोमध गोटा होतो आणि कडेला नवाच्या नवा राहतो.

आता पुढचा टायर. आठ वर्षांत त्याच्या खाचा शाबूत आहेत, यात मला काहीच नवल वाटत नाही. पुढच्या चाकाला इंजिनाची ओढ नसते, सामानाचा भारही बहुतेक मागेच असतो, त्यामुळे तो सावकाश झिजतो. म्हणूनच त्याचं आयुष्य खाचांवरून मोजता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीसाठी खाचेची किमान खोली ०.८ मिलिमीटर आहे. रबराच्या वयाबद्दल हा नियम काहीच सांगत नाही.

रबराला भेगा पडू नयेत म्हणून टायर बनवतानाच त्यात मेण आणि ओझोनला रोखणारी रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरताना वाकतो, तशी ती आतून पृष्ठभागावर येत राहतात. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की हे येणं मंदावतं, म्हणून कमी चालवलेल्या गाडीचा टायर कमी म्हातारा होतो असं समजू नका. शिवाय उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांनी रबर कडक होत जातं, आणि हा कडकपणा बऱ्याचदा भेगा दिसण्याआधी येतो. मऊ रबर रस्त्यावरच्या खडीच्या बारीक उंचसखलपणात बसतं, कडक रबर वरून सरकतं. कोरड्या रस्त्यावर हा फरक लक्षातही येणार नाही. तो कळतो जूनच्या पहिल्या सरींत, आंबा घाटात जांभ्याची लाल माती वाहून रस्त्यावर साय धरल्यासारखी पसरते तेव्हा.

त्यात तुमची गाडी २०१३ ची. १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएसची (ब्रेक दाबताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) सक्ती नव्या मॉडेलांसाठी एप्रिल २०१८ मध्ये आणि उरलेल्या सगळ्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये झाली. म्हणजे तुमच्या पुढच्या २८० मिलिमीटरच्या डिस्कला चाक अडकू न देणारं काहीच नाही. ब्रेक दाबल्यावर भार पुढे येतो, आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा टायरच करतो. मागचं चाक घसरलं तर सावरायला थोडी संधी मिळते. पुढचं अडकून घसरलं की गाडी आडवी. दर्जेदार टायर पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनी कसाही दिसला तरी बदलावा, असं मिशलिनसारख्या कंपन्या सांगतात. माझी पाच-सहा वर्षांची मर्यादा त्याहून कडक आहे, हे मान्य. बिनाएबीएसची गाडी, उन्हात उभी करायची सवय आणि घाटातला पाऊस, या तिन्हींचा विचार करून ती ठेवली आहे आणि मी ती बदलणार नाही.

तुमच्या टायरला एकही भेग नाही, हे कसं पाहिलंत ते महत्त्वाचं. उभ्या गाडीचा टायर लांबून पाहून कळत नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी येईल अशी इंजिनाखाली टेकण द्या आणि हवा पूर्ण सोडा. मग खाचेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून खाच फाकवा आणि तळाशी बॅटरीचा उजेड मारा. पहिल्या भेगा तिथेच असतात, केसासारख्या, बहुतेक आडव्या. मग टायरची बाजू रिमपासून बोटभर अंतरावर दाबून वाकवा आणि चाक हळूहळू फिरवत पूर्ण घेर पाहा. नखाने रबर दाबून कडकपणा ठरवू नका, कारण सकाळचा टायर आणि दुपारचा टायर वेगळा लागतो. रबराचा कडकपणा मोजणारं, शोअर ए मापाचं छोटं यंत्र बाजारात मिळतं. तुमचा टायर आणि दुकानातला त्याच मॉडेलचा नवा टायर एकाच वेळी, सावलीत मोजा. तुमच्या टायरचा आकडा बराच वर गेलेला दिसला तर खाचांकडे पाहायची गरजच नाही.

‘मग टिकाऊ टायर म्हणजे काय’ हा तुमचा मूळ प्रश्न. माझं उत्तर असं, की टिकाऊपणा मागच्या चाकात शोधावा, आणि तोही आपण वर्षाला किती चालवतो ते पाहून. समजा नव्या मागच्या टायरची मधली खाच ७.५ मिलिमीटर आहे. पावसात पाणी बाहेर टाकायला खाच लागते, म्हणून मी ०.८ पर्यंत न थांबता २ मिलिमीटरला टायर काढायला सांगतो. म्हणजे वापरायला ५.५ मिलिमीटर. ३,००० किलोमीटरनंतर मोजलं आणि ०.९ मिलिमीटर गेलेलं दिसलं, तर हजाराला ०.३, टायर साधारण १८,००० किलोमीटर जाईल. वर्षाला ४,००० किलोमीटर होत असतील तर त्याला साडेचार वर्षं लागतील, आणि रबराचं वयही तेवढ्यात होत आलेलं असेल. अशा माणसाने ३०,००० किलोमीटर जाणारा कडक टायर घेतला तर तो साडेसात वर्षं पुरेल. शेवटची दोन-तीन वर्षं तो माणूस वयाने आणखी कडक झालेल्या रबरावर गाडी चालवेल, आणि पहिल्या दिवसापासून पावसात पकड कमीच मिळेल. तीच गाडी वर्षाला १५,००० किलोमीटर पळत असेल, तर मात्र मागे कडक रबर घेणं रास्त आहे. आता मोजायला लागताना खोलीमापक घ्या आणि टायरच्या घेरावर तीन ठिकाणी, मध्ये आणि कडेला, मोजा.

दुकानदार तोंडी सांगतो त्या किलोमीटरवर जाऊ नका. अमेरिकेत मोटारींच्या टायरवर झिजेचा तुलनात्मक आकडा छापलेला असतो, दुचाकीच्या टायरला तशी पद्धत नाही. त्यामुळे डोळ्याने पाहायच्या गोष्टी पाहा. मागच्या टायरच्या मधोमध रबराचा अखंड पट्टा असेल तर सरळ रस्त्यावर तो सुट्या ठोकळ्यांच्या नक्षीपेक्षा जास्त टिकतो, कारण ठोकळे प्रत्येक फेऱ्यात वाकतात आणि घासले जातात. मध्ये कडक आणि कडांना मऊ असं दुहेरी रबर तुमच्या मापात मिळालं तर जरूर घ्या. मुंबई-गोवा महामार्गाच्या नव्या काँक्रीटवर तुमचं जाणं-येणं जास्त असेल तर हिशोबात थोडी घट धरा. पाण्यासाठी रेघा पाडलेलं काँक्रीट टायरला कानशीसारखं लागतं.

जोडीच्या मुद्द्यावर तुमचं अर्धं बरोबर आहे. कंपनी पुढचा-मागचा टायर एकत्र तपासते, त्यामुळे तुमच्या मापात जोडी मिळत असेल आणि पुढच्याचं रबर खरंच मऊ असेल, तर जोडीच घ्या. पण जोडी म्हणजे दोन्हीकडे एकच नक्षी नव्हे. अशा गाड्यांना कारखान्यातूनही पुढे लांब खाचांचा आणि मागे वेगळ्या नक्षीचा टायर येतो. जे कधीच करायचं नाही ते म्हणजे एका चाकाला रेडियल, म्हणजे आतले दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जाणारा, आणि दुसऱ्याला साधा, म्हणजे आडव्या-तिडव्या दोऱ्यांचा टायर. दोघांच्या बाजू वेगळ्या तऱ्हेने वाकतात आणि वळणावर गाडी अस्थिर होते.

१३० च्या टायरचा हिशोब सरळ आहे. मूळ टायर १२०/८०-१८, म्हणजे रुंदी १२० मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ८० टक्के आणि रिम १८ इंची. त्याचा व्यास साधारण ६४९ मिलिमीटर. १३०/७०-१८ चा ६३९, म्हणजे १० ने कमी. १३०/८०-१८ चा ६६५, म्हणजे १६ ने जास्त. त्याला मडगार्ड आणि चेनपासून पुरेशी जागा उरते का ते आधी पाहावं लागतं. त्यापेक्षा मोठी अडचण रिमची. मूळ रिम १२० साठी आहे. रुंद टायर तिच्यावर बसवला की दोन्ही कडा आत खेचल्या जातात, टायर मध्ये जास्त फुगीर होतो आणि सरळ चालताना रस्त्याला मधली अरुंद पट्टीच टेकते. ती आधी झिजते. जास्त रबराचे पैसे देऊन टायर लवकर सपाट करून घ्यायचा, असा हा व्यवहार आहे.

मापाइतकाच भार निर्देशांक पाहा. १२०/८०-१८ वर ६२पी असतं: ६२ म्हणजे २६५ किलो, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. गाडी १९२ किलोची, दोन माणसं १४०, सामान २५, एकूण ३५७ किलो. त्यातला साठ-बासष्ट टक्के भार मागे धरला तर २१४ ते २२१ किलो होतो. स्वस्त म्हणून ५६ चा, म्हणजे २२४ किलोचा टायर घेतला तर काही उरतच नाही, आणि खड्डा आला की त्याहून जास्त भार बसतो. आयएसआय खूण आणि उत्पादनाची तारीखही पाहा. तारीख चार आकडी असते: ३२२२ म्हणजे २०२२ चा ३२ वा आठवडा. अनेक टायरवर ती एकाच बाजूला असते, तेव्हा दोन्ही बाजू फिरवून पाहा. वर्षाहून जुना टायर मी घेणार नाही. खाचा गरम अवजाराने पुन्हा कोरलेला किंवा वरून रबर चढवलेला टायर दुचाकीला कोणत्याही किमतीत नको.

ट्यूबबद्दल तुमचं म्हणणं, की चांगली असेल तर का फेकायची. तुमच्या गाडीला तारांची चाकं आहेत. ट्यूबलेस आणि मिश्रधातूची चाकं २०१८ च्या थंडरबर्ड एक्सला आली. म्हणजे ट्यूबवरच सगळं अवलंबून आहे. वापरलेली ट्यूब ताणून मोठी झालेली असते. नव्या टायरमध्ये ती भरली की कुठेतरी घडी पडते, आणि घडीवर वर्षभरात चीर जाते. नवी घ्या, त्याच मापाची, ब्यूटाइल रबराची, आणि तारांची टोकं झाकणारी रिमटेपही नवी. रिम आतून गंजलेली असेल तर पॉलिशपेपरने घासा, आत डोकावणारी ताराची टोकं कानशीने सपाट करून घ्या.

बसवताना समोर उभं राहा. ट्यूबमध्ये आकार येईल इतकीच हवा, वरून पावडर, कडांना साबणाचं पाणी. शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी चढवायचा आणि तेव्हा समोरची कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरायची. व्हॉल्व्ह आत ढकलून पाहिला की ट्यूब लिव्हरखाली चिमटत नाही. टायरवरचा रंगीत ठिपका व्हॉल्व्हपाशी, बाण फिरण्याच्या दिशेला. टायरच्या बाजूवरची गोल रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी; नसेल तर हवा सोडून पुन्हा बसवायला सांगा. आणि व्हॉल्व्हची चकती रिमवर घट्ट आवळू देऊ नका, ती वर टोपणाला टेकवून ठेवा. टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसेल आणि वेळेत कळेल. चकती आवळलेली असली तर व्हॉल्व्ह मुळाशीच फाटतो.

नव्या टायरवर पहिले १५० किलोमीटर जोरात ब्रेक आणि खोल वळणं टाळा.

तुमच्या पुढच्या टायरला खवल्यांसारखी झीज असेल, म्हणजे हात एका दिशेने फिरवताना गुळगुळीत आणि उलट फिरवताना खडबडीत लागत असेल, तर नवा टाकण्याआधी कोनसेटचा (हँडलच्या बेअरिंगचा) खेळ आणि पुढच्या शॉकॉबचं तेल पाहा. नाहीतर नवाही तसाच होईल. पुढच्या-मागच्या दोन्ही टायरचे तारखेचे आकडे, मागच्याच्या मधल्या आणि कडेच्या खाचेची मापं आणि वर्षाचे किलोमीटर इथेच लिहा. तुमच्या गाडीसाठी मागे कोणत्या प्रकारचं रबर योग्य, ते त्यावरून नेमकं सांगता येईल. पुढचा मात्र त्याची वाट न पाहता, या पावसाळ्याआधी बदलून घ्या.