ब्रिटनच्या संसदेनं केअर वर्करची जाहिरात काढलेली नाही

मेसेज तुम्हालाही आला असेल. ‘ब्रिटिश संसदेचा अहवाल! आरोग्य व होम केअरमध्ये १,६५,००० जागा रिक्त. १२वी पास, अनुभव नको, इंग्रजी परीक्षा नको. पगार महिना अडीच लाख. फॅमिलीसह व्हिसा, ५ वर्षांत पीआर. खर्च फक्त १४ लाख, हप्त्यांची सोय. २०२८ पर्यंतच संधी.’ खाली झेंडा, बिग बेनचा फोटो आणि एक मोबाईल नंबर.

मी ब्रिटनमध्ये होम केअरमध्ये, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची त्यांच्या घरी जाऊन देखभाल करायच्या कामात आहे. इतके दिवस हा मेसेज मी बघून सोडून देत होते. पण तो फिरत फिरत मिरजेला आमच्या दाजींकडे पोचला. भाची नुकतीच जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालीय. दाजी आता रस्त्याकडेचं रान विकायचं बोलायला लागलेत आणि वर मलाच विचारतात, ‘तुम्ही तिकडं होम केअरमध्येच आहात की, मग आम्हाला कधी बोलला नाहीत ते?’ तर आता बोलते.

‘संसदेचा अहवाल’

अहवाल आहे. हे मान्य करावंच लागेल. ब्रिटिश संसदेच्या आरोग्य व सामाजिक काळजी समितीनं जुलै २०२२ मध्ये मनुष्यबळावर अहवाल दिला. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या इतिहासातलं हे मनुष्यबळाचं सगळ्यात मोठं संकट आहे, असं त्यात म्हटलं. इंग्लंडमध्ये रुग्णालयांतले १२,००० डॉक्टर आणि ५०,००० हून जास्त नर्स-सुईणी कमी आहेत, असंही. १,६५,००० चा आकडा मात्र त्याच सुमाराचा, इंग्लंडमधल्या केअर क्षेत्राचा. २०२४-२५ पर्यंत तो १,११,००० वर आला होता. म्हणजे मेसेजवाल्यानं जुना आकडा उचललाय आणि समितीनं मांडलेलं कारण गाळलंय. कारण साधं आहे. या कामाचा पगार इतका तुटपुंजा की माणसं दुकानात, हॉटेलात नाहीतर एनएचएसमध्ये निघून जातात. जागा रिकामी आहे ती तिच्यासाठी पैसे नाहीत म्हणून.

हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज पडू नये. डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात कॅगचा अहवाल मांडला गेला. राज्याच्या सरकारी आरोग्य यंत्रणेत नर्सची साधारण एक तृतीयांश पदं रिकामी असल्याचं त्यात आहे. म्हणून काय दुसऱ्या दिवशी भाचीला सांगलीच्या सिव्हिलमधून ऑर्डर आली? नाही ना? मग दुसऱ्या देशाच्या संसदेत कुणी रिक्त पदांची ओरड केली की ती आपल्याला भरतीची जाहिरात कशी काय वाटते?

‘२०२८ पर्यंतच संधी’

आता खरी मेख इथे आहे. हा व्हिसा बंद झालाय. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नव्यानं केअर वर्कर म्हणून अर्जच करता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये दार उघडलं, तीन-साडेतीन वर्षांत लागलं. भारतातून बसून हा व्हिसा काढून देतो म्हणणारा माणूस अस्तित्वात नसलेली गोष्ट विकतोय.

मग २०२८ कुठून आलं? तेही हवेतून नाही, आणि म्हणूनच जास्त धोक्याचं. जे आधीच कायदेशीरपणे ब्रिटनमध्ये आहेत आणि व्हिसासाठी स्पॉन्सर करणाऱ्या मालकाकडे निदान तीन महिने काम करताहेत, त्यांना जुलै २०२८ पर्यंत या व्हिसावर यायची सवलत ठेवलीय. मिरजेतल्या मुलीचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. पण एजंट तोच धागा पकडून सांगतो, ‘आधी स्टुडंट किंवा व्हिजिटर व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलून घेऊ.’ व्हिजिटरला तिथून हा व्हिसा मिळतच नाही, आणि काम केलं तर तो थेट गुन्हा. स्टुडंटला कोर्स पुरा करावा लागतो, म्हणजे फीचे वेगळे लाखो रुपये. एवढं करून तिथं स्पॉन्सर करणारा मालक मिळेलच, याची हमी कोण देणार? तो मोबाईल नंबर?

‘सर्टिफिकेट सरकारी असतं, त्यात फसवणूक कशी होईल?’

मेसेजमध्ये हे नाही, फोन केल्यावर सांगतात. दाजींना हेच सगळ्यात पटलं होतं आणि मला हेच सगळ्यात विषारी वाटतं.

स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट, म्हणजे ‘हिला मी नोकरी देतोय’ असं सांगणारा व्हिसासाठीचा मालकाचा दाखला, खरं असू शकतं. त्यामागची नोकरी खोटी असू शकते. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या सीमा व इमिग्रेशनच्या स्वतंत्र मुख्य निरीक्षकांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात हे आहे: जे केअर होम अस्तित्वातच नव्हतं त्याच्या नावावर गृहखात्यानं २७५ सर्टिफिकेटं दिली. आणखी एका कंपनीनं परदेशी कामगार आणायचा परवाना घेताना आपल्याकडे चार कर्मचारी असल्याचं सांगितलं होतं. तिला बाराशेच्या वर दिली. चार माणसांची कंपनी, बाराशे सर्टिफिकेटं, आणि खात्यात कुणाला काही खटकलं नाही.

त्यानंतर जुलै २०२५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीनं याच व्हिसावरून गृहखात्याला फैलावर घेतलं. मेसेजवाल्याला संसदेचे अहवाल एवढे आवडतात तर हा का नाही वाचला? जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात केअर क्षेत्रातल्या ४७० हून जास्त मालकांचे परवाने रद्द झाले आणि त्यांच्याशी ३९,००० च्या वर कामगार जोडलेले होते, हे त्यातच येतं. नोकरीसाठी काढलेल्या कर्जात अडकून वेठबिगारासारखं राबणं, बेसुमार तास, तक्रार केली तर व्हिसा जाण्याची भीती, सगळं त्यात आहे. २०२२ मध्ये दार उघडताना या धोक्यांचा नीट विचारच केला नव्हता, असा ठपका समितीनं ठेवला.

परवाना मालकाचा रद्द होतो, पण पत्र कामगाराला येतं: ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर देश सोडा. असं पत्र हातात घेऊन आमच्या ऑफिसात आलेली एक मुलगी मला आठवते. केरळची, बीएस्सी नर्सिंग. तिच्या मालकानं आठवड्याला ३९ तास कागदावर दाखवले होते आणि प्रत्यक्षात काम दिलं शनिवार-रविवारचं. तिनं एक प्लास्टिकची फाईल आणली होती, पहिल्याच पानावर एजंटला दिलेल्या पैशांच्या पावत्या. पावत्या कशाच्या, तर ‘ट्रेनिंग’च्या.

‘पगार महिना अडीच लाख’

कागदावर बरोबर. या व्हिसासाठी वर्षाला निदान २५,००० पौंड पगार लागतो. बाराने भागा, रुपयांत करा, अडीच लाखांच्या आसपास येतो. कर आणि नॅशनल इन्शुरन्स कापून हातात १,८०० पौंडांच्या आतबाहेर पडतात. त्यातून खोलीचं भाडं, गाडी, गाडीचा विमा. गाडी का, तर होम केअरचं काम घराघरांत जाऊन असतं आणि गाडी चालवता येत नसेल तर बहुतेक ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. भारतीय परवाना इथे पहिले १२ महिने चालतो, पुढे इथली परीक्षा.

आमच्या एजन्सीचा रोटा, म्हणजे कुणी कधी कुठे जायचं याचं वेळापत्रक, मी लावते, म्हणून सांगते. पहिला कॉल, म्हणजे घरची पहिली फेरी, सकाळी सातला, अर्ध्या तासाचा. दाराशेजारच्या की-सेफमधून किल्ली काढायची, आजोबांना उठवायचं, पॅड बदलायचा, अंग पुसायचं, गोळ्या देऊन त्यांच्या नोंदीच्या तक्त्यावर (मार चार्ट) सही, चहा-टोस्ट, निघा. पुढचं घर सहा मैलांवर. तिथं माणसाला होइस्टनं (उचलायच्या यंत्रानं) उचलायचं असतं म्हणून दोघी लागतात, दुसरी ट्रॅफिकमध्ये अडकली की पहिली हॉलमध्ये उभी. काही कॉल पंधराच मिनिटांचे. अकराला मोकळं, बाराला परत, दोनला मोकळं, चारला परत, शेवटचा कॉल रात्री दहाला. दिवस पंधरा तासांचा. पण पुष्कळ एजन्सी मोजतात ती माणसाच्या घरात असलेली मिनिटं, कारण कौन्सिल (इथली स्थानिक पालिका) त्यांनाही तेवढ्याच मिनिटांचे पैसे देते. प्रवासाचा वेळ धरूनही किमान वेतन मिळालं पाहिजे, असा कायदा आहे. कायदा आहे.

कौन्सिल एवढी हात आखडून का? होम केअर कंपन्यांच्या संघटनेनं हिशेब मांडलाय की २०२५-२६ मध्ये इंग्लंडात तासाला निदान ३२.१४ पौंड मिळाले तरच काम कायद्यात बसवून करता येतं. बहुतेक कौन्सिल त्याहून कमी देतात. आणि ही सेवा एनएचएससारखी सगळ्यांना फुकट नाही. २३,२५० पौंडांहून जास्त पुंजी असेल तर खर्च ज्याचा त्याने करायचा. ही मर्यादा २०१० पासून जागची हललेली नाही. माणसाच्या आयुष्यभराच्या खर्चाला ८६,००० पौंडांची कमाल मर्यादा घालायची योजना होती, ती जुलै २०२४ मध्ये गुंडाळली. मे २०२५ मध्ये संसदेच्या त्याच आरोग्य समितीनं काहीच न करण्याची किंमत मोजा म्हणून सरकारला टोचलं. केअर सुधारण्यासाठी सरकारनं नेमलेल्या केसी आयोगाचा अंतिम अहवाल २०२८ मध्ये. तोवर पगार वाढायचा कुठून?

बाकीचं

‘फॅमिलीसह’: ११ मार्च २०२४ पासून नव्या केअर वर्करना नवरा-बायको, मुलं आणता येत नव्हती. म्हणजे व्हिसा चालू होता तेव्हाच हे संपलं होतं.

‘५ वर्षांत पीआर’ (कायम राहायची परवानगी): नोव्हेंबर २०२५ च्या सरकारी प्रस्तावात केअर वर्करसारख्या कामांसाठी १५ वर्षं आहेत.

‘इंग्रजी परीक्षा नको’: परीक्षा नाहीतर इंग्रजी माध्यमातल्या पदवीचा पुरावा, दोहोंपैकी एक कायमच लागत होता. डिमेन्शियाच्या आजींना गोळ्या देणाऱ्या बाईला इंग्रजी नको, हे ज्याला सुचलं त्याला दंडवत.

‘फक्त १४ लाख’

कशाचे? केअर व्हिसा चालू होता तेव्हाही तीन वर्षांपर्यंतच्या अर्जाची फी शेवटी ३०४ पौंड होती, म्हणजे पस्तीस-छत्तीस हजार रुपये. हेल्थ सरचार्ज (एनएचएस वापरण्यासाठीचा आकार) माफ होता. सर्टिफिकेटची फी मालकानं भरायची, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून ती कामगाराकडून वसूल करायलाच बंदी आहे. भारतातल्या नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. उरलेले तेरा लाख कुणाचे, ते त्या नंबरवर फोन करून विचारा. सोबत त्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक विचारा आणि ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. माझ्या अंदाजानं फोन तिथंच कट होईल.

भाचीसाठी एक रस्ता आहे, तो नर्स म्हणून. तो बंद नाही, पण सोपाही नाही. आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, मग इथल्या नर्सिंग कौन्सिलची संगणकावरची परीक्षा, मग इकडे येऊन प्रात्यक्षिक परीक्षा. नर्सभरतीतही हात आवरता घेताहेत. परदेशी भरती २०३५ पर्यंत दहा टक्क्यांच्या खाली आणायची, असं एनएचएसच्या दहा वर्षांच्या आराखड्यात लिहिलंय. तिनं दोन वर्षं चांगल्या वॉर्डात काढून इंग्रजी पक्कं केलं, तर त्यासाठी रान विकावं लागणार नाही.

ज्यांनी ‘बुकिंग’चा हप्ता आधीच दिलाय त्यांनी दुसरा देऊ नका. व्हॉट्सॲपवरचं बोलणं डिलीट करू नका, यूपीआयचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि पोलिसांबरोबर मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या (परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या) कार्यालयातही तक्रार द्या. रोख दिले असतील तर कुणासमोर दिले ते आजच लिहून काढा, तारखेसकट.