फी माफ झाली, पण बाकीचं काय?

२०२४ च्या दिवाळीनंतर आमच्या जिल्हा परिषदेच्या हायस्कूलमध्ये बी.एड.च्या सहा मुली इंटर्नशिपला आल्या होत्या. त्यातल्या एकीने पहिल्याच आठवड्यात मला व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, माझे पाठ शनिवारी नका ना लावू." का गं, विचारलं तर म्हणाली, शनिवार-रविवार तालुक्याला मेडिकलवर बसते. बी.एस्सी. फिजिक्स, बी.एड.चं दुसरं वर्ष, आणि आठवड्याचे दोन दिवस गोळ्यांच्या स्ट्रिपा मोजणं.

पुढच्या बुधवारी तिने आठवीवर 'बल व दाब' घेतला. ग्लास काठोकाठ भरला, वर पुठ्ठा धरला आणि उलटा केला. पुठ्ठा सुटला. सगळं पाणी पाठ टाचणावर. वर्ग खिदळला, तीही हसली. मग ओली वही बाजूला सरकवून म्हणाली, "आता मला सांगा, का पडलं?" पुढची वीस मिनिटं पोरं भांडत होती: ग्लास पूर्ण भरला नव्हता, पुठ्ठा वाकडा होता, हात लवकर काढला. मी मागच्या बाकावर निरीक्षणाचा फॉर्म घेऊन बसले होते, त्यात लिहायचं राहूनच गेलं. फसलेल्या प्रयोगावर तास उभा करायला मला नोकरीची दहा वर्षं लागली होती.

आता दुसरी गोष्ट. त्याच स्टाफरूममध्ये, त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आलेली एक मुलगी बसायची. पदवीधर म्हणून तिला महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन. गुणी पोर होती, तिच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पण दोघी ऑफ तासाला वर्गावर जायच्या, दोघी वह्या तपासायच्या, दोघी परिपाठाला उभ्या. जिला शिक्षकच व्हायचंय, त्यासाठी जी रीतसर शिकतेय, तिला शून्य. वर चार्टपेपर, स्केचपेन, टाचणवह्या स्वतःच्या पैशाने. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून निभावलं, एवढंच.

हे बोललं की लगेच कोणीतरी म्हणतं, "पण शिष्यवृत्त्या आहेत की!" आहेत. नाही कोण म्हणतंय? अनुसूचित जातीच्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची अट अडीच लाखांची. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक मागासांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना आहे. ८ जुलै २०२४ च्या जीआरने तर ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) आणि एसईबीसीच्या (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून हवा. चांगला निर्णय आहे, मनापासून सांगते. आमच्या मेडिकलवालीला त्याचाच आधार होता.

पण हे सगळे पैसे मुख्यतः फीचे. आणि फी म्हणजे काही शिक्षण नव्हे.

२०१५ पासून बी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं. एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, नियमाप्रमाणे वीस आठवड्यांची इंटर्नशिप, त्यातले सोळा दुसऱ्या वर्षात. कल्पना चांगलीच आहे, शिकवायला वर्गातच शिकता येतं. फक्त कमावत्या वयाच्या पोरीने हे जास्तीचं वर्ष कशावर काढायचं, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही.

बरं, मंजूर झालेले पैसे तरी हातात पडावेत. सहाजणींतल्या एकीची शिष्यवृत्ती 'जमा झाली' असं महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, दिसत होतं आणि पासबुकात मात्र काहीच नाही. इकडे कॉलेजचे फोन सुरू, "पैसे आलेत तुझे, फीचा हिस्सा भर." शेवटी कळलं की आधार जोडलेलं होतं पाचवीत असताना उघडलेल्या झिरो बॅलन्सच्या खात्याला, आणि ते खातं कधीच बंद पडलेलं. ते सुरू करायला तिचे इंटर्नशिपचे दोन दिवस गेले, कारण बँकेचा आणि शाळेचा वेळ एकच. दोन्ही दिवस गैरहजेरी लागली. लावणारी मीच. नियम आहे.

एमबीबीएसच्या इंटर्नला आपल्या सरकारी कॉलेजात महिन्याला १८,००० मिळतात, २०२४ मध्ये ११,००० वरून वाढवले. आयटीआयच्या अप्रेंटिसलाही विद्यावेतन मिळतं. माझे वडील तर अप्रशिक्षितच मास्तर म्हणून लागले, मग खात्याने पगारी ट्रेनिंगला पाठवलं. शिकाऊ मास्तराला दोन घास मिळाले पाहिजेत ही काही नवी कल्पना नाही. मधेच कुठेतरी विसरलो.

माझं मागणं छोटं आहे. त्या सोळा आठवड्यांपुरतं महिन्याला पाच हजार द्या. चार महिन्यांचे वीस हजार झाले. पुढे टीईटी ही पात्रता परीक्षा, टेट ही भरतीची परीक्षा, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल असं सगळं पार करून लागली तरी प्राथमिकला शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे ठरावीक मानधनावर, तीन वर्षं १६,००० वरच काढायचीत.

एका सहकाऱ्याने यावर टोमणा मारला, "मॅडम, निम्म्या कॉलेजांत पोरं नुसती पटावर असतात. पैसे सुरू केले तर पटावरच्या भुतांनाही विद्यावेतन लागेल." निम्म्या की किती ते सोडा, पण मुद्दा खरा आहे. शाळेचं तोंड न बघता इंटर्नशिपचं सर्टिफिकेट मिळवणारे मीही पाहिलेत. म्हणूनच तर म्हणते, ज्या शाळेत पाठ होतात तिथल्या मुख्याध्यापकांच्या मस्टरवरून, थेट खात्यात द्या. आज खोट्या सहीला कोणी विचारत नाही कारण त्यात सरकारचा पैसा नाही. पैसा आला की ऑडिट येईल, आणि कोण खरंच वर्गावर उभं होतं ते आपोआप कळेल.

शनिवारचं म्हणाल तर मी तिचे पाठ सोमवारी लावले. सकाळची शनिवारची शाळा मात्र तिला बुडवावी लागलीच, आणि तेवढी हजेरी तिने नंतर जादा दिवस येऊन भरून काढली.

आणि हो, यंदा फॉर्म भरणाऱ्या मुलींनो, आधी बँकेत जाऊन तुमचं आधार नक्की कुठल्या खात्याला जोडलंय ते बघा. उत्पन्नाचा दाखला सेतूत आत्ताच टाका, शेवटच्या आठवड्यात सर्व्हर झोपतो. कॉलेजने 'इतर फी' म्हणून काही मागितलं तर पावती घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.