फिरोजा हिरवा पडला म्हणून अंगठी समुद्रात सोडू नका

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार दिवस एक फॉरवर्ड फिरतोय: 'फिरोजा नवरत्नांपैकी एक. तो हिरवट पडला तर त्याने तुमचं संकट स्वतःवर घेतलं. अंगठी लगेच समुद्रात सोडा.' एक मावशी खरंच चौपाटीवर निघाल्या होत्या, म्हणून हा खुलासा.

नवरत्नांत फिरोजा नाहीच. माणिक, मोती, पोवळं, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद, लसण्या. मोजून घ्या.

रंग बदलतो, हे मात्र खरं. फिरोजा म्हणजे तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमचं फॉस्फेट, तेही सच्छिद्र. घाम, तेल, साबण शोषून निळ्याचा हिरवा होतो. मावशी अंगठी घालूनच कणीक मळतात, त्याच हातांनी डोक्याला खोबरेल चोळतात. सोनाराने खडा सोडवून दाखवला, तर कोंदणात लपलेली कड अजून आकाशी!

समजूत जुनी आहे, आणि फक्त आपली नाही. मालक आजारी पडला की खडा फिका होतो, असं युरोपातही मानत. घोड्यावरून पडण्यापासून तो वाचवतो, असंही. इराणात निशापूरच्या खाणी प्रसिद्ध. फारसी नावाचा संबंध विजयाशी, आणि दृष्ट लागू नये म्हणून तो घालायची रीत. प्राचीन इजिप्तमध्ये तर सिनाईच्या खाणींपाशी हाथोर देवीला 'फिरोज्याची स्वामिनी' म्हणून पुजत.

मावशींची अंगठी परत बोटात आहे. कणीक मळताना तेवढी डब्यात काढून ठेवतात.