सत्तरीनंतर ताकद परत येत नाही, हे खरे नाही

ज्येष्ठांच्या प्रकृतीविषयीचा एक संदेश वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : सत्तरी ओलांडल्यावर गेलेली ताकद परत येत नाही, म्हणून थोडे व हलके खावे आणि होईल तेवढी विश्रांती घ्यावी, चालण्याने गुडघे झिजतात, आणि चालायचेच असेल, तर दहा हजार पावलांखाली त्याचा उपयोग नाही. पाठवणाऱ्यांच्या मायेविषयी मला शंका नाही. पण ज्या अशक्तपणाला हा संदेश वयाचा दोष मानतो, तो बऱ्याच अंशी याच सल्ल्यातून येतो, असे माझे ठाम मत आहे.

वयाबरोबर स्नायू घटतात, एवढे खरे. ते पुन्हा बळकट होत नाहीत, हे मात्र खोटे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधील एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला होता. आठ आठवडे तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. गट लहान होता, तरी ‘अशक्य’ हा शब्द खोडायला तो पुरेसा आहे.

‘हलके खा आणि पडून राहा’ हा भाग मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो मी घरातच पाळला जाताना पाहिला आहे. माझी मावशी चौऱ्याहत्तराव्या वर्षी न्यूमोनियातून उठली, तेव्हा आम्ही सर्वांनी मिळून तिला बसवून ठेवले. चहा, बिस्किटे आणि वाटीभर सूप याखेरीज तिच्या पोटात दोन महिने फारसे काही जात नव्हते. खुर्चीतून उठताना ती दोन्ही हात दाबून, ओठ आवळून, दोनदा पुढेमागे झुलून मगच उभी राहत असे, आणि आम्ही म्हणत होतो, ‘वय झाले.’ दोन महिन्यांत वय एवढे होत नसते. निरोगी ज्येष्ठांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील चरबीव्यतिरिक्तचे वजन सुमारे एक किलोने घटल्याचे २००७ साली एका अभ्यासात दिसले होते. आजारातून उठलेल्या, अर्धपोटी माणसाचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

शिवाय उतारवयात तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू पूर्वीइतके बांधले जात नाहीत. म्हणूनच प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जात असली, तरी ज्येष्ठांसाठी तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे पंचावन्न किलोच्या व्यक्तीला ५५ ते ६६ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. मावशीच्या प्रत्येक जेवणात डाळ, अंडे किंवा दूध येऊ लागले आणि तिने आधी खोलीतल्या खोलीत, मग घराबाहेर चालायला सुरुवात केली. चार महिन्यांनी ती हात छातीशी घडी करून खुर्चीतून उठली, आणि उठल्यावर आमच्याकडे पाहत तशीच उभी राहिली.

गुडघ्यांविषयीचा समज, वापरले की झिजते, या यंत्राच्या उपमेतून आला असावा. पण सांधा यंत्रासारखा नसतो. सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते आणि भार पडून सुटण्याच्या क्रियेने ते सुधारते. गुडघा सुजलेला वा गरम असेल, तर थांबून तपासून घ्यावा. एरवी सांध्यांच्या झिजेतून होणाऱ्या संधिवातावरही व्यायाम हा मुख्य उपचारांपैकीच एक आहे.

राहिला दहा हजारांचा आकडा. तो १९६०च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १६,७०० स्त्रियांच्या २०१९ च्या अभ्यासात, रोज २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले, आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. मुळात धडधाकट असलेलेच जास्त चालतात, हा आक्षेप येथे रास्त आहे. मात्र ७० ते ८९ वर्षांच्या १,६३५ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करून अमेरिकेत झालेल्या चाचणीला तो लागू होत नाही. तेथे सुमारे अडीच वर्षांत चारशे मीटर चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचे प्रमाण केवळ आरोग्यविषयक माहिती मिळालेल्या गटात ३५.५ टक्के होते, तर चालणे व व्यायाम करणाऱ्या गटात ३०.१ टक्के. मावशीने पावले कधीच मोजली नाहीत. ती रस्त्याच्या वळणापर्यंत जाते, तेथे थोडी टेकते आणि परत येते.