‘३२ इंची ४के घ्या, प्रिंट हुबेहूब येईल’: एका फॉरवर्डचा समाचार

लगीनसराई जवळ आली की फोटोग्राफर आणि अल्बम डिझायनर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मॉनिटर खरेदीचा एक सल्ला फिरू लागतो. त्याचा गाभा असा: फोटोच्या कामाला निदान ३२ इंची ४के मॉनिटर हवा, जमलं तर ३४ इंची अल्ट्रावाइड. खोक्यावर ‘१०७ कोटी रंग’ आणि ‘ॲडोबी आरजीबी’ (नेहमीपेक्षा रुंद असा रंगांचा पट्टा) लिहिलेलं असावं. एचडीआर (उजेड-अंधारातलं जास्त मोठं अंतर दाखवण्याची सोय) हवाच, आणि ब्राइटनेस जितका जास्त तितका उत्तम. फॅक्टरी कॅलिब्रेटेड पीस घेतला की कॅलिब्रेटरवर (पडद्याचे रंग मोजून दुरुस्त करणाऱ्या यंत्रावर) पैसे घालवायला नकोत, पडद्यावर दिसतं तसंच कागदावर उतरेल. शेवटी पुरवणी: बजेट नसेल तर ४३ इंची टीव्ही घ्या, पॅनेल तेच असतं.

हे सगळंच थापा असतं तर कुणी मनावर घेतलं नसतं. पण प्रत्येक मुद्द्यात थोडं तथ्य आहे, आणि खर्च नेमका चुकीच्या जागी होतो तो त्यामुळेच. क्रम मी बदलतोय. ज्याने सगळ्यात जास्त प्रिंट वाया जातात, तो मुद्दा आधी.

‘ब्राइटनेस जितका जास्त तितका उत्तम.’ लॅबमधून अल्बम आला की ‘प्रिंट काळी आली’ म्हणून ओरड होते, आणि दोष लॅबवाल्याच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा चूक आपल्या टेबलावर असते. नवा मॉनिटर खोक्यातून निघतो तो ३०० निट्सच्या आसपास पेटलेला (निट म्हणजे पडदा किती उजळ दिसतो त्याचं माप). कागद स्वतः पेटत नाही, खोलीतला उजेड परत फेकतो, इतकंच. चांगला पांढरा कागद अंगावर पडलेल्या उजेडाचा साधारण ९०% भाग परत पाठवतो. त्या हिशेबाने ५०० लक्स (लक्स म्हणजे अंगावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेडात कागदाचा पांढरा १४० निट्सच्या घरात जातो, आणि घरातल्या ३०० लक्समध्ये जेमतेम ८५ निट्सवर राहतो. म्हणजे तुम्ही ३०० निट्सच्या पडद्यावर चेहरा ‘बरोबर’ दिसेपर्यंत फोटो गडद करत नेता, आणि गिऱ्हाईक तो १०० निट्सच्या कागदावर बघतं. फरक दीड स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मग प्रिंट काळी येणार नाही तर काय होईल?

हे काही नवं ज्ञान नाही. एसआरजीबीच्या (साध्या पडद्यांच्या नेहमीच्या रंगपट्ट्याच्या) मानकात पडद्याचा पांढरा ८० निट्स धरलेला आहे, ॲडोबी आरजीबीच्या व्याख्येत १६०. छपाईसाठी काम करणारे बहुतेक जण या दोहोंच्या मधे, १०० ते १२० निट्सवर पडदा ठेवतात. ४०० किंवा ६०० निट्सची क्षमता विकत घ्यायची आणि मग ती एक चतुर्थांशावर आणून वापरायची, हा शौक ज्याला परवडेल त्याने करावा.

एचडीआरचंही तेच. खोक्यावरचा ‘डिस्प्ले एचडीआर ४००’ हा शिक्का मिळवायला पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करण्याची सोयसुद्धा लागत नाही. आणि लागली तरी छपाईला तिचा उपयोग काय? चांगल्या ग्लॉसी कागदावर पांढऱ्या-काळ्यातलं अंतर २०० ला १ च्या आसपास असतं, मॅट कागदावर त्याहून पुष्कळ कमी. साधा आयपीएस (पॅनेलचा एक नेहमीचा प्रकार) मॉनिटर १००० ला १ देतो, म्हणजे कागदाच्या पाचपट. फोटो एडिट करताना एचडीआर मोड बंद ठेवावा, इतकंच त्याबद्दल सांगण्यासारखं आहे.

आता ‘फॅक्टरी कॅलिब्रेटेड आहे, कॅलिब्रेटर नको.’ या मुद्द्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण कॅलिब्रेटरच्या नावाने वाचवलेला पैसा लोक इंचांवर घालतात.

खोक्यात जो छापील कागद येतो, त्यावर ‘डेल्टा ई २ पेक्षा कमी’ असं लिहिलेलं असतं. डेल्टा ई म्हणजे मागितलेला रंग आणि दिसलेला रंग यांतलं अंतर, २ च्या खाली ते डोळ्याला सहसा खुपत नाही. आकडा खोटा नसतो. पण तो सहसा सरासरीचा असतो. ती सरासरी पडद्याच्या मध्यभागी, एका ठरावीक मोडमध्ये, एका ठरावीक ब्राइटनेसला मोजलेली असते. तुम्ही मॉनिटर घरी आणून मोड बदलला, ब्राइटनेस १०० निट्सवर आणला, वर ‘डोळ्यांच्या आरामाचा’ पिवळट मोड चालू केला, की त्या कागदाचा आणि तुमच्या पडद्याचा संबंध संपला. शिवाय बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) जुना होतो तसा पांढऱ्याचा रंग सरकतो, आणि कारखान्यातला कागद काही दर महिन्याला नवा येत नाही.

कॅलिब्रेटर दोन कामं करतो. एक, पांढऱ्याचा रंग, ब्राइटनेस आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते) ठरवलेल्या जागी आणतो. दोन, तुमचा पडदा नेमके कोणते रंग दाखवतो याची नोंद म्हणजे प्रोफाइल बनवतो. ही नोंद फोटोशॉप वाचतं आणि त्यानुसार आकडे बदलून पडद्याकडे पाठवतं. प्रोफाइल नसेल तर फोटोशॉप नुसता अंदाज बांधतं. सॉफ्टवेअर महाग पडतं असं म्हणू नका: ग्रॅम गिल यांचं आर्गिल सीएमएस फुकट आहे, आणि त्यावर बसवलेलं डिस्प्लेकॅलही. यंत्र मात्र विकत घ्यावं लागतं. पण ते महिन्या-दीड महिन्यातून एकदाच लागतं, तेव्हा चार स्टुडिओंनी मिळून एक घेतलं तरी भागतं. फक्त एक पथ्य पाळायचं. मोजताना सॉफ्टवेअरमध्ये आपल्या मॉनिटरच्या बॅकलाइटचा प्रकार अचूक निवडायचा. रुंद रंगपट्ट्याच्या एलईडीवर चुकीचा प्रकार निवडला तर यंत्रच पांढऱ्याला गुलाबी किंवा हिरवट करून ठेवतं, आणि मग ‘बघा, कॅलिब्रेटरने वाट लावली’ हा पुढचा फॉरवर्ड तयार होतो.

पैसे खरोखर हाताशी असतील तर ते ‘हार्डवेअर कॅलिब्रेशन’वर घाला. आयझोची कलरएज मालिका किंवा बेनक्यूची एसडब्ल्यू मालिका यांत दुरुस्ती ग्राफिक्स कार्डात न होता मॉनिटरच्या आतल्या तक्त्यात साठवली जाते, त्यामुळे आभाळाच्या फिकट उतारावर पट्टे उमटण्याची शक्यता खूप कमी होते. माझ्या मते ३२ इंची साध्या मॉनिटरपेक्षा असा २७ इंची केव्हाही सरस.

‘१०७ कोटी रंग.’ ८ बिटमध्ये लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या, गुणाकार १ कोटी ६७ लाख. १० बिटमध्ये प्रत्येकी १०२४, गुणाकार १०७ कोटी. जिना तेवढाच उंच, पायऱ्या तेवढ्या बारीक. जास्त गडद लाल किंवा जास्त हिरवा हिरवा त्यातून मिळत नाही. त्यातही पुष्कळ मॉनिटर मुळात ८ बिटचे असून पिक्सेल भराभर बदलून १० बिटचा भास करतात, आणि तो भास चांगला जमतो हेही खरं. तुमची जेपेग फाइल मात्र ८ बिटचीच असते. एचडीएमआय २.० च्या वायरमधून ४के, ६० हर्ट्झ आणि पूर्ण १० बिट आरजीबी एकत्र जातच नाही, त्यासाठी डिस्प्लेपोर्टची वायर लावा. आणि गंमत म्हणून सांगतो, ४के पडद्यावर पिक्सेल असतात ८३ लाख. १०७ कोटी रंग एका वेळी दाखवायला जागाच नाही.

‘ॲडोबी आरजीबी म्हणजे रंग अचूक.’ रुंद असणं वेगळं आणि अचूक असणं वेगळं. १९९८ च्या ॲडोबी आरजीबीचा लाल बिंदू (म्हणजे दाखवता येणाऱ्या लालाचं टोक) आणि निळा बिंदू एसआरजीबीच्याच जागी आहेत, फक्त हिरवा बिंदू लांब सरकवलेला आहे. त्यामुळे फायदा दिसतो तो समुद्राच्या निळ्या-हिरव्यात, पावसाळ्यातल्या सह्याद्रीच्या हिरवाईत. झेंडूचा केशरी आणि मांडवाचा लालभडक पडदा यांना त्यापेक्षा पी३ (आणखी एक रुंद रंगपट्टा) जास्त न्याय देतो, कारण तिथे लाल बिंदूही बाहेर सरकलेला आहे. २०१६ च्या आयफोन ७ पासून आयफोनचे पडदेही पी३ चे आहेत. पण तुमची लॅब फाइल कशात मागते? बहुतेक मिनीलॅब एसआरजीबी जेपेग मागतात. तिथे ॲडोबी आरजीबीची फाइल तिच्यासोबतच्या प्रोफाइलकडे न बघता छापली गेली की हळदीचे फोटो मरगळलेले येतात. उलट घरी, कलर मॅनेजमेंट न कळणाऱ्या, म्हणजे प्रोफाइल न वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये, रुंद पडद्यावर साधी एसआरजीबी फाइल भडक दिसते, नवरीचे गाल टोमॅटो होतात. घरी इंकजेटवर मोठ्या प्रिंट काढणाऱ्याला ॲडोबी आरजीबी जरूर घ्यावा. बाकीच्यांना पूर्ण एसआरजीबी आणि बऱ्यापैकी पी३ पुष्कळ झालं.

खोक्यावरच्या टक्केवारीबद्दलही एक सूचना. ‘१२५% एसआरजीबी’ हा क्षेत्रफळाचा आकडा असतो. एकीकडे बाहेर सांडलेलं आणि दुसरीकडे कमी पडलेलं, दोन्ही मिळूनही तो १२५ भरू शकतो. ‘कव्हरेज’, म्हणजे त्या पट्ट्याचा किती भाग खरोखर झाकला जातो, ते विचारा. ‘७२% एनटीएससी’ (जुन्या टीव्ही मानकाचा रंगपट्टा) दिसलं तर तो साधारण एसआरजीबीएवढाच पट्टा असतो, ‘४५%’ असेल तर सरळ पुढे जा.

आकाराचं बोलू. ३४ इंची अल्ट्रावाइडची उंची सुमारे ३३ सेंटीमीटर, २७ इंची साध्याचीही तेवढीच. उभा पोर्ट्रेट फोटो दोन्हीवर एकाच मापाचा दिसणार. वाढते ती फक्त रुंदी, आणि ती टूल्सचे पॅनेल ठेवायला कामी येते. मात्र आपल्याकडच्या १२ बाय ३६ इंची अल्बम शीटसाठी फॉरवर्डचा सल्ला खरंच उपयोगी आहे. असं शीट २७ इंचीवर मूळ मापाच्या ६५% दिसतं, ३४ इंचीवर ८७%. डिझायनरने घ्यावा. फक्त तो फार वक्र नसावा, नाहीतर वाड्याची कमान आणि खांब सरळ आहेत की नाहीत याचा नजरेला भरवसा राहत नाही.

३२ इंची घेणार असाल तर ४केच घ्या. त्याच आकारात २५६० बाय १४४० चा स्वस्त मॉनिटर मिळतो, पण त्याची घनता इंचाला ९३ पिक्सेल, म्हणजे २४ इंची फुल एचडीएवढीच. ४के असेल तर १४०.

‘टीव्ही घ्या, पॅनेल तेच.’ पॅनेल तेच असलं तरी मधली यंत्रणा तीच नसते. टीव्ही त्वचा उजळवतो, कडा टोकदार करतो, आणि पीसी मोड चालू केला नाही तर पुष्कळदा रंगाची माहिती निम्मी करून दाखवतो. लाल अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसल्या की समजावं. शिवाय ४३ इंची पडदा ६० सेंटीमीटरवरून पाहिला तर डावी-उजवी कड जवळजवळ ३८ अंशांतून दिसते. व्हीए (कडेने पाहिलं की रंग फिके पडणारा प्रकार) पॅनेल असेल तर एकाच ग्रुप फोटोत मधल्या आत्याबाई गव्हाळ आणि कडेचे काका फिकट. यातलं कोणाचं खरं मानायचं?

काहीही घेतलंत तरी परतीची मुदत संपण्याआधी एक तपासणी करा. मॉनिटर अर्धा तास तापू द्या, खोलीत अंधार करा आणि पूर्ण पडदाभर मध्यम राखाडी रंग लावा. पडदा जितका मोठा तितकी कडांशी रंग सरकण्याची शक्यता जास्त. एका कोपऱ्यात राखाडी गुलाबी आणि दुसऱ्यात हिरवट दिसला तर पीस परत पाठवा. कॅलिब्रेटर सगळ्या पडद्याला एकच दुरुस्ती लावतो, कोपऱ्याचा दोष त्याने जात नाही.