नेता निवडला जात असताना घ्यायची काळजी

टीव्हीवर एखाद्या बंगल्याचं लोखंडी फाटक अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ दिसलं, की ओळखावं: कुठल्या तरी पक्षाचा नेता निवडला जातोय. फाटकासमोर हातात बूम घेतलेला घामाघूम पोरगा असतो. मधूनमधून काळ्या काचांची गाडी आत जाते. गाडीत कोण होतं हे त्याला माहीत नसतं, आत काय चाललंय तेही नसतं, पण 'मंथन सुरू आहे' हे मात्र तो छातीठोकपणे सांगतो. त्याच्यावर चिडू नका. तो सकाळपासून दोन कटिंगवर उभा आहे. आणि मंथनातून आधी हलाहल निघालं होतं, ही आठवणही पॅनलवाल्यांना करून देऊ नका.

या दिवसांत आपल्या सोसायटीचे अनुभव मात्र साफ विसरावेत. आमच्या परळच्या इमारतीत बत्तीस बिऱ्हाडं. सेक्रेटरीपदाला गेल्या खेपेला दोन उमेदवार उभे राहिले. साडेतीन तास सभा चालली, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या तीन कोटेशनांचं जाहीर वाचन झालं, आणि चिठ्ठ्या मोजताना दोन्ही बाजूंचा एकेक माणूस मोजणाऱ्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. सतरा विरुद्ध चौदा, एक बाद. त्या बाद चिठ्ठीवरून दोन घरांतलं हळदीकुंकवाचं जाणंयेणं बंद पडलं ते आजतागायत. 'सर्वाधिकार चेअरमनना द्या' असं कोणी म्हणालं असतं, तर पुढच्या महिन्यापासून त्याच्या नळाला पाणी आलं नसतं. पण हा टाकीचा आणि गच्चीचा मामला झाला. देशाच्या नेत्यासाठी एवढी कटकट कशाला?

तिथे एका ओळीच्या ठरावावर भागतं. ही चाल आपल्या मुंबईचीच, म्हणून थोडा अभिमानही बाळगायला हरकत नाही. २८ डिसेंबर १८८५ रोजी गोवालिया टँकच्या तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले, ह्यूमसाहेबांनी व्योमेशचंद्र बॅनर्जींचं नाव सुचवलं, अनुमोदन मिळालं आणि काँग्रेसला पहिले अध्यक्ष लाभले. मतपेटी आणायला कोणाला भुलेश्वरला धाडावं लागलं नाही. पुढे ११० वर्षांनी, नोव्हेंबर १९९५ मध्ये, याच शहरात भाजपच्या अधिवेशनात पक्षाध्यक्ष अडवाणींनी पंतप्रधानपदासाठी वाजपेयींचं नाव जाहीर करून टाकलं. टाळ्या झाल्या, विषय संपला.

मतं मोजायचा हट्ट धरला तर काय होतं, तेही बघून ठेवा. जानेवारी १९६६ मध्ये काँग्रेसच्या खासदारांनी खरोखरच मतदान केलं. इंदिरा गांधी ३५५, मोरारजी देसाई १६९. (मोरारजी पडले याचं दुःख गिरगावात फारसं कोणाला झालं नसावं, पण ते असो.) चार वर्षांच्या आत पक्ष दुभंगला. मोजणी अशुभ असते, एवढं सगळ्यांनी त्यावरून ताडलं. काँग्रेसला तरीही अधूनमधून मोजायची हुक्की येते. २००० साली सोनिया गांधींना ७,४४८ मतं पडली आणि जितेंद्र प्रसाद यांना ९४. २०२२ मध्ये खर्गे ७,८९७, थरूर १,०७२. आमच्या सोसायटीत पडलेल्या माणसाने यापेक्षा बरी लढत दिली होती. भाजपने कार्यकर्त्यांना एवढाही ताप ठेवलेला नाही. जानेवारी २०२० मध्ये नड्डा बिनविरोध. घराण्यांच्या पक्षांचं तर विचारूच नका, तिथे छाननीला जन्मदाखला पुरतो.

पेढ्यांची ऑर्डर मात्र घाईने देऊ नका. १ डिसेंबर १९८९ ला सेंट्रल हॉलमध्ये देवीलाल यांची नेतेपदी निवड झाली, आणि टाळ्या थांबतात न थांबतात तोच त्यांनी व्ही. पी. सिंग यांचं नाव पुढे केलं. चंद्रशेखर तडक उठून गेले. २००४ च्या मे महिन्यात काँग्रेसने सोनिया गांधींना नेता निवडलं, तीन दिवसांनी त्यांनी नकार दिला आणि शपथ घेतली मनमोहन सिंग यांनी. पेढा दोन दिवसांत आंबतो. शपथविधीनंतरच आणावा.

आता बातम्या कुठल्या बघायच्या? जे चॅनल आपल्याच मनातलं बोलतं तेच निःपक्षपाती, ही कसोटी सर्वमान्य आहे. दुसरं बघितलं तर रक्तदाब वाढतो आणि जेवताना घरात शब्दाला शब्द लागतो. २०२४ च्या जागतिक वृत्तपत्रस्वातंत्र्य निर्देशांकात १८० देशांत आपण १५९ वे आलो, तर ती यादी बनवणारे पक्षपाती. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याकडच्या वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत शब्दन् शब्द तोच मजकूर छापून आला होता, तर ते विचारांचं ऐक्य समजावं. आणि चुका कोणाच्या होत नाहीत? २०२४ च्या एक्झिट पोलवर विसंबून ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी उसळला आणि दुसऱ्या दिवशी मतमोजणी सुरू झाल्यावर जवळपास ४,३९० अंशांनी आपटला. आकडे सांगणारे पुढच्या निवडणुकीलाही त्याच खुर्च्यांवर येतील. आमचे शेजारी मात्र तेव्हापासून टीव्ही आवाज बंद करून बघतात.

सूत्रांवरही विश्वास ठेवावा. डिसेंबर २०२३ मध्ये राजस्थानचा मुख्यमंत्री कोण, यावर नऊ दिवस सूत्रं बोलत होती. बाराव्या तारखेला वसुंधरा राजेंच्या हातातली चिठ्ठी उघडली आणि नाव निघालं भजनलाल शर्मांचं. पहिल्यांदाच आमदार झालेले, थोड्या वेळापूर्वीच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभे. हे पद राज्याचं होतं खरं, पण चिठ्ठी दिल्लीचीच होती. संध्याकाळपर्यंत मात्र प्रत्येक चॅनलला त्यांच्यातले नेतृत्वगुण आधीपासूनच दिसत होते. तुमच्या मुलाला राजकारणात घालायचं असेल, तर फोटोत मागे उभं राहायची सवय आत्तापासून लावा.

मी स्वतः या बाबतीत आमच्या सलूनवाल्याला गुरू मानतो. लालबागच्या नाक्यावर त्याचं दोन खुर्च्यांचं दुकान आहे. आरशाच्या वर टीव्ही, आणि रिमोट त्याच्या ॲप्रनच्या खिशात. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याचं चॅनल लागलेलं असतं. दोन्ही खुर्च्यांवर दोन पक्ष बसले, की क्रिकेट. परवा दाढीला गेलो तर त्याने माझ्यासाठी काय लावावं हे त्यालाच ठरेना. टीव्हीवर तेच लोखंडी फाटक होतं. त्याने वस्तरा गळ्याशी आणला आणि सहज विचारलं, "साहेब, तुम्हाला काय वाटतं, कोण होणार?"

मी हनुवटी न हलवता म्हणालो, "पक्षश्रेष्ठी ठरवतील."

"बराब्बर," तो म्हणाला आणि दुसऱ्या गालाकडे वळला.