‘गोव्याच्या पावसात लाकूड टिकत नाही’: त्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फोंड्यापासून काणकोणपर्यंत ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मलाही तो चौघांनी पाठवला. त्यातले एक आमच्या वाड्यावरचे भाई, ज्यांचा शब्द मी लहानपणापासून मानत आलोय. मजकूर थोडक्यात असा: परदेशात लाकडाच्या उंच इमारती बांधायचं वेड आलंय, आता ते इथे आणू बघतायत. गोव्याच्या पावसात लाकूड चार वर्षांत कुजेल. वाळवी खाईल. आग लागली की राख. जंगलं जातील ती वेगळीच. नॉर्वेत लाकडी पूल दहा वर्षांत पडला. लाकडात सेन्सर बसवावे लागतात, म्हणजे बांधणाऱ्यांचाच त्यावर भरवसा नाही. काँक्रीट घाला, पन्नास वर्षं बघायला नको.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे आणि जुन्या घरांची छपरं तपासणं हे माझं निम्मं काम. या मेसेजमधलं शेवटचं वाक्य मला सर्वांत जास्त काळजीचं वाटतं. पण सुरुवात कुजण्यापासून करतो, कारण ती भीती खरी आहे.

लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या टक्केवारीत मोजतात. कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २८ ते ३० टक्के पाणी लागतं. २० टक्क्यांच्या खाली तिचं काही चालत नाही. आता आपला जुलै घ्या: तापमान सत्तावीसच्या आसपास, आर्द्रता ९० टक्के. अशा हवेत लाकूड महिनाभर नुसतं राहिलं तरी ते २० टक्क्यांच्या जवळपास येऊन थांबतं. वर पांढरी बुरशी धरेल, वास येईल, पण वाशाची ताकद जाणार नाही. ती जाते पाणी साचलं की. एखादं कौल सरकतं, पागोळी भिंतीत मुरते, आणि चिऱ्याच्या भिंतीत रुतलेलं वाशाचं टोक वर्षानुवर्षं ओलं राहतं. मी उघडलेल्या बहुतेक छपरांत हेच दिसतं. मधला वासा ठणठणीत, सुरी रुतत नाही. भिंतीतलं टोक मात्र बोटाने उकरून निघतं. तो वासा ऐनाचा, म्हणजे आपल्या माट्टीचा असो की फणसाचा, रोग एकच. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या मुलखात राजांगणाची घरं पिढ्यान् पिढ्या उभी आहेत, ती याच लाकडाच्या आढ्यांवर. मेसेज लिहिणाऱ्याने एकदा आपल्याच माळ्यावर चढून बघायला हवं होतं.

वाळवीचं थोडक्यात सांगतो. ती जमिनीतून मातीच्या नळ्या करत वर येते, आणि काँक्रीटच्या फ्लॅटमधल्या दाराच्या चौकटीही खाते, हे ज्यांचा फ्लॅट आहे त्यांना सांगायला नको. लाकूड जमिनीपासून वर उचलणं, घराच्या पायात वाळवीचं औषध भरणं, भिंतीच्या कडेला नळी दिसेल अशी उघडी पट्टी ठेवणं आणि लाकडाला बोरॉनची प्रक्रिया करणं, हे उपाय जुने आहेत. बोरॉन पावसाने धुऊन जातं, म्हणून उघड्यावरच्या लाकडाला ते चालत नाही. एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आगीच्या बाबतीत पातळ फळी आणि जाड तुळई एकाच मापाने मोजू नये. प्लायचं छत धडाधड पेटतं, यात वाद नाही. जाड तुळई पेटते तेव्हा बाहेरचा थर कोळसा होतो आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. युरोपच्या बांधकाम नियमावलीत मऊ लाकडासाठी कोळसा होण्याचा हा वेग मिनिटाला ०.६५ मिलिमीटर धरतात, म्हणजे तासाभरात जेमतेम चार सेंटिमीटर. घट्ट कठीण लाकडाला ०.५. इंजिनियर ती जाडी हिशेबात आधीच जास्त धरतो. उघडं लोखंड मात्र साडेपाचशे-सहाशे अंशांना आपली जवळपास अर्धी ताकद गमावून बसतं. याचा अर्थ लाकडी इमारतीला स्प्रिंकलर नकोत असा मुळीच नाही. ते हवेतच. चिकटवलेल्या थरांच्या फळ्यांत कोळसा सुटून पडण्याचा प्रश्न आहे, आणि त्यावर अजून चाचण्या चालू आहेत.

जंगलाचा मुद्दा मला जिव्हाळ्याचा आहे. २०२० साली मोलेचं जंगल वाचवण्यासाठी जी माणसं रस्त्यावर उतरली, त्यांच्यात मीही होतो, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली तेव्हा आमच्या घरी गोडधोड झालं होतं. उभ्या जंगलातलं एकही झाड इमारतीसाठी पडावं असं मी म्हणणार नाही. बोलणं आहे ते लागवडीच्या लाकडाचं, जिथे कापलेल्या जागी पुन्हा लावलं जातं. घनमीटरला ५०० किलो भरणाऱ्या लाकडात सुमारे ९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन कोंडलेला असतो, आणि तो घर उभं असेपर्यंत तिथेच राहतो. सिमेंट करताना चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टीला वीज कुठलीही द्या, ते टळत नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली आपल्या कामांत लाकडावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठवली, तीही लागवडीचं लाकूड वेगळं आहे हे मानूनच. खरी अडचण अशी की तशी लागवड गोव्यात फार थोडी आहे आणि लाकूड लांबून आणलं तर हिशेब बदलतो. मेसेजने हे विचारलं असतं तर मी मान डोलावली असती.

आता नॉर्वे. १५ ऑगस्ट २०२२ रोजी ट्रेटन गावचा पूल नदीत कोसळला. तो २०१२ सालचा, चिकटवलेल्या लाकडाच्या आणि पोलादाच्या सांगाड्याचा. त्यावेळी पुलावर दोन वाहनं होती, दोन्हींचे चालक वाचले. पूल कुजला नव्हता. तपासात बोट ठेवलं गेलं ते सांध्यावर: पोलादी खिळ्यांभोवतालचा लाकडाचा ठोकळाच्या ठोकळा कापला जाऊन निघतो, ही शक्यता आराखड्यात नीट धरलेली नव्हती. लाकूड असं तुटतं तेव्हा आधी फारसं खुणावत नाही. ही घटना मी हलकी करून सांगणार नाही, आमच्या व्यवसायाला ती फार महागात पडलेली शिकवण आहे. पण त्याच देशात म्योसा सरोवराकाठी ८५.४ मीटर उंच, १८ मजली लाकडी इमारत २०१९ पासून उभी आहे.

आणि पन्नास वर्षं न बघता राहणारं काँक्रीट? भाई, तुम्ही ५ जुलै १९८६ विसरला नसाल. १९७० साली खुला झालेला मांडवीचा पूल त्या दिवशी पडला. सोळा वर्षांचा होता, प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा, म्हणजे आत पोलादी तारा ताणून बसवलेल्या काँक्रीटचा. त्यानंतर नवा पूल होईपर्यंत पणजीला जायला फेरीबोटीच्या रांगेत लोक कसे उभे राहायचे, हे तुम्हीच मला सांगितलं आहे. खाऱ्या हवेत काँक्रीटच्या आतलं पोलाद गंजतं आणि फुगतं, ते बाहेरून कळेपर्यंत उशीर झालेला असतो. जुवारीच्या जुन्या पुलावर जड वाहनांना बंदी का घालावी लागली, याचं उत्तर याच प्रकारच्या काळजीत आहे.

म्हणून सेन्सरचा मुद्दा मला सर्वांत उलटा वाटतो. आमच्या आजोळी, सावईवेऱ्याला, दर मे महिन्यात शाकारणी व्हायची. मामा माळ्यावर चढून एकेका वाशावर कोयत्याची मूठ आपटत जायचे आणि आवाजावरून सांगायचे, हा भरीव, हा पोकळ. घराची तब्येत तपासणं म्हणजे हेच, आणि त्याला कुणी अविश्वास म्हणालं नाही. सेन्सर त्याच मुठीचं काम करतात, फक्त वर्षातून एकदा न करता रोज.

लाकडात दोन खिळे ठोकून त्यांच्यामधला विद्युतरोध मोजतात. पाणी १० टक्क्यांवरून २० वर गेलं की हा रोध शेकडो पटींनी घसरतो, म्हणून साधं यंत्रही ते पकडतं. खिळ्यांचं टोक सोडून बाकी भाग वेष्टित ठेवावा लागतो, नाहीतर वरचं दवच मोजलं जातं. लाकडाची जात आणि तापमान यांप्रमाणे आकड्यात दुरुस्ती करावी लागते. किनाऱ्यालगत लाकडावर मीठ बसलं असेल तर यंत्र खोटी ओल दाखवतं, हे इथे काम करणाऱ्याने विसरू नये.

दुसरी पद्धत कंपनांची. इमारत वाऱ्याने हलते, तिची स्वतःची एक लय असते. ताठरपणा कमी झाला की लय मंदावते. पण ती ताठरपणाच्या वर्गमुळाने बदलते: ताठरपणा १० टक्के गेला तर लय फक्त ५ टक्के उतरते. तेवढा फरक ऊन-पावसानेही पडू शकतो. म्हणून पहिलं पूर्ण वर्ष नुसत्या नोंदी घ्यायच्या, घराचा स्वभाव ओळखायचा, आणि मग दोष शोधायचा. सांध्याचा चुकलेला हिशेब हे सेन्सर दुरुस्त करू शकत नाहीत, ट्रेटनसारखी अचानक तूट ते हमखास पकडतील असंही नाही. भिंतीतलं ओलं टोक मात्र ते कुजण्याआधी कितीतरी दिवस दाखवतात.

युरोपातल्या थंड हवेतल्या नोंदी भरपूर आहेत. बंगळुरूची लाकूड विज्ञान संस्था आपल्या लाकडांवर काम करते. मला हव्या आहेत त्या नोंदी माट्टीच्या आणि फणसाच्या, कौलाखालच्या, चार महिन्यांच्या पावसातल्या. या मे महिन्यात मामांच्या घरी शाकारणी झाली तेव्हा मी एका वाशात खिळ्यांच्या दोन जोड्या बसवल्या. एक मधोमध, दुसरी भिंतीत शिरणाऱ्या टोकाला. तपासणी दर तासाला, नोंद एका छोट्या डबीत. भाई, श्रावणात सावईवेऱ्याला या, आपण दोघे मिळून ती उघडू.